राजाची ती शिकार, पारध्याचा तो गुन्हा?

उन्हाळ्यात माळावरचं पाणी आटलं की काळवीट उरलेल्या डबक्यावर येणारच, हे पारध्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. वाऱ्याची दिशा बघून झुडपाआड बसायचं, वाटेवर फासे मांडायचे आणि तासन्‌तास हलायचं नाही. फासेपारधी हे नावच त्या फाशांवरून पडलं. अमेरिकेत आजही प्राँगहॉर्न नावाच्या हरणासारख्या प्राण्यासाठी हौशी लोक पाण्याजवळ तंबूसारख्या लपणात धनुष्यबाण घेऊन बसतात. खिशात सरकारी परवाना असतो आणि त्याला खेळ म्हणतात. आपल्याकडे हेच कौशल्य असलेल्या अख्ख्या जमातीला इंग्रजांनी 1871 च्या कायद्याच्या चौकटीत गुन्हेगार ठरवलं.

आता कोल्हापूरकडे बघा. इथल्या दरबारात चित्त्याकरवी काळवीट मारण्याचा मोठा शौक होता. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणले. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता गाडीतून कळपाजवळ न्यायचा, टोपी काढायची आणि सोडायचा. त्यावर चित्रपट निघाले, पाहुणे खूश झाले. एवढी काळविटं मारूनही राजघराण्यातल्या कुणाला पोलीस चौकीवर हजेरी द्यावी लागली नाही.

राजर्षी शाहू महाराज स्वतः पट्टीचे शिकारी होते, हे लपवायचं कारण नाही. पण त्याच महाराजांनी 1918 मध्ये संस्थानातली हजेरीची पद्धत मोडली आणि फासेपारध्यांना पहाऱ्याची कामं दिली. ज्यांना चोर म्हणत त्यांच्याच हाती राखण सोपवली! जयंतीच्या भाषणांत वसतिगृहं येतात, आरक्षण येतं. हे फार कमी वेळा येतं.

काही धम्मबांधव विचारतील, पाणातिपाता वेरमणी म्हणणाऱ्यांनी पारध्याची बाजू का घ्यावी? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये बाबासाहेबांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. त्या कसोटीवर दरबारी शिकार कुठे बसते आणि पोटासाठीचा फासा कुठे, हे तुम्हीच ठरवा. काळवीट वाचलंच पाहिजे, त्याबद्दल माझं दुमत नाही. 1972 चा वन्यजीव कायदा हवाच. पण त्याच कायद्यात 1991 पर्यंत शिकारीच्या परवान्यांची सोय होती. परवाना कुणाला परवडत होता? पालावरच्या माणसाला नक्कीच नाही.

1952 मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं, आणि त्याच वर्षी 31 ऑगस्टला या जमाती कागदावर विमुक्त झाल्या. चित्त्यासाठी 2022 मध्ये नामिबियाहून विमान आलं. विमुक्तांच्या वाट्याला मुंबई राज्याचा 1959 चा सराईत गुन्हेगार कायदा आला. आजही पालावर जातीच्या दाखल्यासाठी कित्येक दशकांपूर्वीचा पुरावा मागतात. ज्यांना कुठे टिकूच दिलं नाही, त्यांनी तो आणायचा कुठून? चोरी झाली की मात्र पत्ता बरोबर सापडतो.

काळविटाच्या पायवाटा आणि पाणवठे या लोकांइतके कुणाला कळतात? रेहेकुरीसारख्या काळवीट अभयारण्यात राखणदार म्हणून पारधी तरुण-तरुणींची भरती करा, कायम नोकरीवर, रोजंदारीवर नव्हे. महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलेली गोष्ट वनखात्याला जड का जावी? आणि न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेल्या जनावरांपाशी एक फलक लावा: माग कुणी काढला, हाका कुणी घातला, चित्ता कुणी सांभाळला.