झाड हललं, मुळं राहिली

शनिवारची सकाळ, हातात चहा आणि खिडकीसमोर एक अजस्र ट्रक. आठवडाभर स्क्रीनकडे बघून डोळे फुटलेल्या माणसाला वीकांताला याहून जास्त करमणूक लागत नाही. २०१७ च्या नोव्हेंबरातली ही गोष्ट. आम्ही शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये नुकतंच घर घेतलं होतं. वसाहत नवीकोरी, म्हणजे मक्याचं शेत सपाट करून घरं उभी केलेली. घरं मोठी, गॅरेजं मोठी, लॉन तर क्रिकेट खेळावं असं, आणि झाड औषधालाही नाही.

शेजारी एक अमेरिकन आजोबा राहायचे, सत्तरीचे. त्यांना सावली हवी होती, आणि ती आत्ता हवी होती. "रोप लावून वीस वर्षं वाट बघायला माझ्याकडे वीस वर्षं आहेत कुठे?" असं त्यांनी मला सरळ सांगितलं. यावर काय बोलणार? तर त्यांनी आठ इंच जाडीच्या खोडाचा आख्खा शुगर मेपल विकत घेतला होता आणि तो लावायला हा ट्रक आला होता. यंत्राचं नाव ट्री स्पेड.

त्याआधी दोन-तीन दिवस त्यांच्या लॉनवर रंगीबेरंगी झेंड्या लागल्या होत्या. मला वाटलं नातवाचा वाढदिवस. नंतर कळलं की इथे जमीन खणायची तर आधी ८११ ला फोन करायचा. मग येऊन जमिनीखालच्या लायनींवर खुणा करून जातात: लाल म्हणजे वीज, पिवळा म्हणजे गॅस, निळा पाण्याचा, नारिंगी फोन-केबलचा, हिरवा ड्रेनेजचा. (आपल्याकडे आधी खणतात, मग फवारा कुठल्या रंगाचा येतो त्यावरून लाईन कसली ते ओळखतात. असो.)

आता यंत्राबद्दल. ट्रकच्या मागे चार प्रचंड वाकडी पाती, प्रत्येक पातं माणसाहून उंच. ही पाती एका कड्यावर बसवलेली, आणि कडं एका बाजूने उघडतं. ते झाडाच्या खोडाभोवती आणून बंद करायचं आणि मग हायड्रॉलिक्सने एकेक पातं तिरकं जमिनीत दाबत न्यायचं. खाली टोकं जवळजवळ एकत्र येतात आणि मातीचा एक भलामोठा शंकू तयार होतो, आइस्क्रीमच्या कोनासारखा. तो झाडासकट उचलायचा, आडवा करायचा, ट्रकवर टेकवायचा आणि निघायचं. हे यंत्र नव्वद इंची होतं, म्हणजे मातीच्या गोळ्याचा वरचा व्यास साडेसात फूट. ओली माती धरली तर वजन तीन-चार टनांच्या घरात.

गंमत म्हणजे ट्रक आधी रिकामा येतो. झाड जिथे लावायचं तिथे त्याच पात्यांनी खड्डा काढतो, तो मातीचा शंकू घेऊन नर्सरीत जातो, तिथे झाड उचलतो, आणि झाडाचा खड्डा त्या मातीने भरला जातो. खड्डा आणि गोळा एकाच साच्यातले, त्यामुळे मापं जुळतात. मी लगेच हिशोब केला की दोन व्हेरिएबल स्वॅप करायचे आणि यंत्र एकच, म्हणजे मधे तिसरं टेंपररी व्हेरिएबल लागणार. विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला, हो, नर्सरीत तो गोळा आधी बाजूला टाकतो. मला उगाचच फार आनंद झाला. :-)

दुपारी झाड खड्ड्यात उतरलं, पाती एकेक करून वर आली, आणि सकाळी ओसाड असलेल्या लॉनवर पंचवीसेक फुटांचा मेपल उभा. आम्ही सगळ्या शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायको म्हणाली, "आपणही मागवूया का?" मी आजोबांना खर्च विचारला. आकडा ऐकल्यावर आमचा विचार तिथेच थांबला.

पण उत्सुकता थांबली नाही. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर लाईल गावात मॉर्टन आर्बोरेटम आहे. तिथे झाडांच्या मुळांवर वर्षानुवर्षं संशोधन झालेलं आहे. वाचत गेलो तसतसा त्या टाळ्यांचा आवाज कमी होत गेला.

शाळेच्या पुस्तकात झाडाचं चित्र असायचं ना, वर जेवढा पसारा तेवढाच खाली, आरशात पडल्यासारखा? ते बऱ्याच झाडांच्या बाबतीत साफ चुकीचं आहे. मुळं खोल कमी आणि आडवी जास्त जातात. बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बरीच बाहेर पसरलेली असतात. म्हणजे झाडाखाली असते ती पसरट थाळी. आणि आपण उचलतो काय? खोल, निमुळता कोन. त्यात तळाला बरीचशी नुसती माती येते, आणि पाणी पिणारी बारीक मुळं मागे जमिनीत राहतात. नव्वद टक्क्यांहून जास्त मुळं मागे राहू शकतात. वर पानांचा संसार तेवढाच, खाली कर्ता माणूस एकच.

मग नियम काय, तर खोडाच्या दर इंच जाडीमागे निदान दहा-बारा इंच व्यासाचा गोळा हवा. आठ इंचाला नव्वद इंची यंत्र बरोबर बसतं, म्हणजे आमच्या आजोबांच्या कंत्राटदाराने लबाडी केली नव्हती. तरीसुद्धा गेलेली मुळं परत वाढायला या थंड भागात दर इंच जाडीमागे साधारण एक वर्ष लागतं. आठ इंच, आठ वर्षं. तोवर झाड जेमतेम तगून असतं, वाढत नाही. आर्बोरेटमच्या गॅरी वॉटसन यांनी १९८५ मध्येच हा हिशोब मांडला होता: चार इंची झाड आणि दहा इंची झाड एकाच दिवशी हलवलं, तर लहान झाड काही वर्षांत सावरून वाढीला लागतं, मोठं अजून सावरतच असतं, आणि काही वर्षांनी दोघं जवळपास सारखी होतात. हे वाचून मी दोनदा गणित करून बघितलं. आपण पैसे मोजतो ते पहिल्या दिवसाच्या फोटोचे.

२०१८ च्या वसंतात आम्ही नर्सरीतून दोन इंची स्वॅम्प व्हाईट ओक आणला आणि मी स्वतः खड्डा खणून लावला. कंबर आठवडाभर दुखत होती. आजोबा कुंपणापलीकडून बघत म्हणाले, "छान काठी आहे."

आजोबांचा मेपल मेला नाही हं. त्याचं कारण यंत्र नव्हे, आजोबा. चार उन्हाळे त्या माणसाने पूजा करावी तसं पाणी घातलं. स्प्रिंकलरवर विश्वास ठेवला नाही, कारण स्प्रिंकलर लॉनपुरतं वरवर भिजवतो. ते नळी बुंध्याशी मंद सोडून ठेवायचे आणि खुर्ची टाकून बसायचे. आमच्याकडची माती चिकण. तिच्यात पाती घुसली की खड्ड्याची भिंत गिलावा केल्यासारखी गुळगुळीत होते आणि नव्या मुळांना ती भेदवत नाही. गोळा आणि भिंत यांच्यात फट राहिली तर तिथे हवा खेळते, मुळं सुकतात. ही फट आजोबांनी स्वतः चिखल कालवून भरली होती. हे सगळं त्यांनी मला शिकवलं, मॉर्टनने नंतर.

२०२१ मध्ये ते मुलीकडे राहायला गेले. नवीन जोडपं आलं, चांगली माणसं, आमच्याच वयाची. त्यांच्या दृष्टीने तिथे एक मोठं झाड होतं, आणि मोठ्या झाडाला कोण पाणी घालतं? २०२३ चा मे आणि जून आमच्याकडे जवळजवळ कोरडा गेला. मेपलची पानं जुलैतच कडांनी करपली. पुढच्या वर्षी शेंड्याला पालवीच आली नाही. मग एक दिवस दुसरा ट्रक आला, तो लाकडाचा भुगा करणारा. टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं.

एक शेजाऱ्याचं झाड गेलं, त्यात एवढं काय, असं म्हणून मीही विसरलो असतो. पण गेल्या डिसेंबरात पुण्याला गेलो तेव्हा बाबा मला संध्याकाळी फिरायला म्हणून एका मोकळ्या प्लॉटवर घेऊन गेले. (परदेशात राहणारा मुलगा, मुळं, वगैरे रूपक आता येणार असं वाटत असेल तर निश्चिंत राहा. येणार नाही.) आमच्या घराजवळचा रस्ता रुंद झाला, त्यातले पर्जन्यवृक्ष आणि गुलमोहर इथे आणून 'पुनर्रोपित' केले होते. तसा फलकही होता. झाडं म्हणजे काय, तर खांब. फांद्या सगळ्या उडवलेल्या, कापलेल्या तोंडांना शेण-माती फासलेली, बुंध्याला गोणपाट. बाबांनी मोजलं होतं: चौदा आणली, पाचांना पालवी. त्या पाचातले दोन वड.

वड जगणारच हो. वडाची फांदी रोवली तरी ती मूळ धरते. वड-पिंपळ-उंबर या मंडळींच्या जिवावर पुनर्रोपणाची आकडेवारी बरी दिसते. पण जुन्या पर्जन्यवृक्षाचं तसं नाही. तिथे मेलेल्या एकाचा घेर मी बाबांच्या छत्रीने मोजला, साधारण सहा फूट. म्हणजे व्यास तेवीस इंच. दर इंचाला दहा या हिशोबाने मातीचा गोळा हवा एकोणीस फुटी. तिथे उकरलेला गोळा दिसत होता, पाच फुटांचा असेल नसेल. जेसीबीने खणलेला, क्रेनने पट्टा लावून उचललेला. एवढ्या झाडाला तर अमेरिकेतला तो राक्षसी ट्रकही नाही म्हणेल.

उष्ण हवेत मुळं लवकर वाढतात, हे मान्य. फ्लोरिडासारख्या भागात इंचाला वर्षाऐवजी तीन-चार महिने धरतात, तेही नियमित पाणी असेल तर. तेवीस इंचांना झाली पावणेसहा वर्षं, आणि पुण्यात वर्षातले आठ महिने कोरडे. इतकी वर्षं टँकर कोण पाठवणार? टेंडरमध्ये झाड हलवण्याचा खर्च असतो, टाळ्यांच्या दिवसापर्यंतचा.

हे फक्त आमच्या गल्लीपुरतं नाही. दिल्लीने २०२० मध्ये वृक्ष पुनर्रोपणाचं धोरण आणलं. प्रकल्पात येणारी किमान ८०% झाडं हलवायची आणि त्यातली ८०% वर्षानंतर जिवंत हवीत. कागदावर उत्तम. २०२२ मध्ये तिथल्या सरकारनेच उच्च न्यायालयात सांगितलं की आधीच्या तीन वर्षांत हलवलेल्या १६,४६१ झाडांपैकी ५,४८७ जगली. म्हणजे बरोबर एक तृतीयांश. आपल्याकडे ऑगस्ट २०१९ मध्ये आरेच्या कारशेडसाठी मंजुरी मिळाली तेव्हा आकडे होते २,१८५ तोडायची, ४६१ पुनर्रोपित करायची. तो दुसरा आकडा तिथे असल्याने पहिला वाचताना घास जरा कमी अडकतो. माझं भांडण नेमकं याच्याशी आहे.

यंत्राशी माझं भांडण नाही. तीन-चार इंची झाडं, वर्षभर आधी मुळं छाटून तयार केलेली, योग्य ऋतूत ट्री स्पेडने हलवावीत, झकास जगतात. नर्सऱ्यांचं कामच त्यावर चालतं. माझा आक्षेप 'हलवता येतं' या वाक्याला आहे, कारण ते एकदा बोललं की रस्त्याचा नकाशा दोन मीटर वळवायची चर्चाच बंद होते. "तोडण्यापेक्षा हलवलेलं बरं ना?" असं मलाही मित्र विचारतात. पण ज्या झाडाला सहा वर्षं पाणी मिळणार नाही हे आपल्याला आज माहीत आहे, ते हलवणं म्हणजे हप्त्याहप्त्याने तोडणं. शिवाय त्याच पैशात दोन इंची पन्नास झाडं लावून, राखणदार ठेवून जगवता आली असती, ते वेगळंच.

आमच्या धंद्यात बगला दोन अवस्था असतात, 'रिझॉल्व्ड' आणि 'क्लोज्ड'. डेव्हलपर म्हणतो झालं, ते रिझॉल्व्ड. टेस्टर तपासून म्हणतो झालं, तेव्हा क्लोज्ड. हलवलेलं झाड पाच वर्षं रिझॉल्व्डच राहिलं पाहिजे आणि कंत्राटदाराचे निम्मे पैसे पाचव्या वर्षी मिळाले पाहिजेत. पहिल्या वर्षीची पालवी काही सिद्ध करत नाही. ती खोडात साठवलेल्या शिल्लकीवर येते, पगार बंद झाल्यावर काही महिने एफडी मोडून घर चालावं तशी. दिल्लीचं एक वर्षही मला म्हणूनच अपुरं वाटतं.

बाबा हल्ली त्या प्लॉटवर एक दिवसाआड जातात. एका गुलमोहराला वाचवायचंय म्हणतात. सत्त्याहत्तराव्या वर्षी दोन बादल्या घेऊन. मी सांगितलं, बाबा, नळीची सोय करून देतो, तर म्हणाले, नळ कुठाय तिथे?

इकडे आमचा ओक आता साडेचार इंचाचा झालाय. सावली एका खुर्चीपुरती पडते, त्या खुर्चीवरून बायकोचं आणि माझं भांडण होतं. मागच्या रविवारी नवीन शेजारी कुंपणाशी आले, म्हणाले, मेपलच्या जागेवर मोठं झाड बसवायचा विचार आहे, तुला यातलं कळतं असं ऐकलं. मी तासभर बोललो. दोन इंची घ्या, बुंध्याशी नळी सोडा, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं, आभार मानले, विचार करतो म्हणाले.

आज सकाळी चहा घेऊन खिडकीत आलो, तर त्यांच्या लॉनवर लाल आणि पिवळ्या झेंड्या.