सदुसष्ट विधी आणि एक उपाशी पोर

धाराशिवला परवा एका व्याख्यात्यांनी ठासून सांगितलं, की आपले देवरशी अडाणी; कॅथलिक चर्चचं भूत उतरवणं मात्र शिस्तीचं. 1614 पासून छापील विधी आहे, बिशपच्या परवानगीशिवाय पाद्री पुढं होत नाही, आणि जर्मनीतल्या अ‍ॅनेलीझ मिशेल या पोरीवर झालेल्या विधीच्या ध्वनिफिती ऐकल्यावर सैतानाबद्दल शंकाच उरत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं डोकं तेव्हापासून तापलेलं आहे.

ध्वनिफितींचं एका ओळीत सांगतो. घुमताना आवाज बदलतो, हे तुळजापूरच्या वाटेवर कुणीही ऐकलेलं आहे.

शिस्तीचं मात्र नीट बघू. क्लिंगेनबर्गच्या त्या अ‍ॅनेलीझसाठी वुर्झबर्गच्या बिशपची परवानगी होती, दोन पाद्री होते, छापील प्रार्थना होत्या. बाधा चटकन मानू नये, औषधाचं काम वैद्यावर सोडावं, हेही त्याच 1614 च्या विधीत लिहिलेलं होतं. तिला अपस्मार असल्याचं निदान डॉक्टरांनी आधीच केलं होतं, गोळ्या दिल्या होत्या. तरी सप्टेंबर 1975 पासून दहा महिन्यांत 67 वेळा विधी झाला आणि उपचार मागं पडले. पोर जेवेना. आतला जेवू देत नाही, म्हणायची. ऐकणारे कुणी वैरी नव्हते, जन्मदाते आईबाप होते. सैतानाला नाव विचारलं गेलं. काल पोटात काय गेलं, या प्रश्नावर कुणी अडून बसलं नाही. 1 जुलै 1976 ला ती गेली. वय 23, वजन जेमतेम 31 किलो. शवविच्छेदनात उपासमार निघाली, शरीरातलं पाणी आटलेलं निघालं. 1978 साली न्यायालयानं आईवडील आणि दोन्ही पाद्री यांना निष्काळजीपणानं मृत्यू ओढवल्याबद्दल दोषी धरलं. एका गोळीनं गुण आला नाही तर डॉक्टर गोळी बदलतो. इथं सदुसष्टाव्या वेळीही तोच विधी! कितव्यांदा थांबायचं, हे या शिस्तीत कुठं लिहिलं आहे?

आपल्याकडं 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आला तेव्हा ओरड झाली होती, की श्रद्धेवर घाला येणार. बंदी आली ती भूत काढायच्या नावाखाली साखळीनं बांधायला, चाबकानं मारायला, मिरचीची धुरी द्यायला. आईची परडी भरायला कुणी अडवलं?

माझं म्हणणं एवढंच, की फेफरं आलं तर आधी दवाखाना, आणि गोळी बंद करायची ती डॉक्टरनंच. चर्चनंही 1999 च्या सुधारित विधीत वैद्यकीय सल्ल्याला जागा दिली आहे. घरच्या म्हातारीनं अंगारा लावला तर मी तिचा हात धरणार नाही. ताटातली भाकरी पोटात गेली का, ते बघेन. उमरग्याकडं, परंड्याकडं एखादी पोर ‘बाहेरचं झालंय’ म्हणून आज कोपऱ्यात बसवली असेल, तर त्या घरानं मानसिक आरोग्याच्या मदतीचा 14416 हा सरकारी नंबर फिरवावा. पैसे पडत नाहीत, रात्रीही उचलतात, मराठीत बोलतात.