ट्रक हेच ज्याचं घर, त्याने आंघोळ करायची कुठे?

मंडळी, आधी एक कबुली. तीन आठवड्यांपूर्वी आपल्या बायपासची बातमी मीच दिली होती. 'ट्रकचालकांचा उपद्रव, नागरिक त्रस्त' असं मथळ्यात होतं. उघड्यावर आंघोळी, रस्त्याकडेला घाण, वाकडेतिकडे उभे ट्रक, सगळं फोटोसकट. बातमी गाजली. नगरपरिषदेने दोन दिवसांत सार्वजनिक नळाची तोटी काढली, पोलिसांनी गाड्या हुसकल्या आणि आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बातमीत एकही ओळ खोटी नव्हती. पण ती अर्धी होती. ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्यांच्यातल्या एकालाही मी काही विचारलं नव्हतं. डिप्लोमाच्या पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, दुसरी बाजू घ्या. वीस वर्षांनंतर तेच विसरलो.

परवा संध्याकाळी गाडी पंक्चर झाली म्हणून बायपासला थांबलो. शेजारी बारा टायरची सिमेंटची गाडी उभी. चालक पन्नाशी ओलांडलेले. ट्रकच्या आडोशाला छोट्या सिलिंडरवर खिचडी टाकलेली. म्हणाले, "बसा साहेब, पंक्चरवाल्याला वेळ लागतो." पत्रकार आहे हे सांगितलं, बातमी माझीच हेही सांगितलं. ते हसले. "मग तर बसाच."

तासभर बसलो. काय काय ऐकलं ते लिहितो.

मामा महिन्यातले पंचवीस-सव्वीस दिवस गाडीत असतात. आपल्या गावात माल उतरवायला दोन दिवस नंबर लागला नव्हता. पूर्वी सोबत किन्नर असायचा. एकाने गाडी राखायची, दुसऱ्याने भाजी आणायची. आता मालकाला किन्नर परवडत नाही. एकटा माणूस गाडी सोडून गेला तर डिझेल जातं, बॅटरी जाते, ताडपत्री जाते आणि भरपाई पगारातून होते. म्हणजे संडास, आंघोळ, धुणं, भाजी, सगळं गाडी नजरेआड होणार नाही एवढ्याच अंतरात.

हे मला कधी सुचलंच नव्हतं. आपण म्हणतो, हे लोक गावात सुलभ शौचालय असून उघड्यावर का बसतात? अहो, ते शौचालय बसस्टँडजवळ आहे. बायपासपासून अडीच किलोमीटर. अवजड गाडीला दिवसा गावात नो एंट्री. चालत जाऊन यायला तासभर तरी हवा आणि तेवढा वेळ गाडी वाऱ्यावर.

धुण्याचं तेच. दोन कपडे बादलीत पिळायचे आणि आरशाला बांधलेल्या दोरीवर टाकायचे. मोबाईल केबिनमध्ये चार्ज होतो, घरी पैसे फोनवरून जातात, फास्टॅगचं मालक बघतो. ती कामं सोपी झालीत. अडतात ती शरीराची कामं. मामांना बीपीची गोळी चालू आहे. ती चार दिवसांपूर्वी संपली होती. "मेडिकल गावात, मी बायपासला," एवढंच म्हणाले. रात्री हा माणूस पंचवीस-तीस टनांची गाडी हाकणार, त्याच रस्त्यावर आपली पोरं क्लासवरून घरी येणार. गोळी मी आणून दिली, पण तो काही इलाज नव्हे.

आता गंमत बघा. गाडीतच संसार थाटणाऱ्यांचे रील आपण आवडीने बघतो. आपल्या राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पर्यटकांनी गाडीत मुक्काम करावा, त्यांना पार्किंग, पाणी, वीज, स्वच्छतागृह मिळावं म्हणून कॅराव्हॅन पार्कची कल्पना त्यात आहे. चांगलं आहे, विरोध नाही. पण हौसेने चार दिवस गाडीत राहणाऱ्याची सोय सरकारला सुचते आणि पोटासाठी वर्षानुवर्षं राहणाऱ्याला आपण 'उपद्रव' म्हणतो.

कागदावर चालकांसाठीही बरंच आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तास काम आणि रात्रीच्या मुक्कामी विश्रांतीची खोली लिहिलेली होती. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्यांना लागू होता. एका-दोन गाड्यांच्या मालकाकडचा चालक त्यात बसलाच नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी पहिल्या टप्प्यात महामार्गांवर चालकांसाठी १००० विश्रांती केंद्रं जाहीर केली. तेल कंपन्यांनी काही पंपांवर 'अपना घर' नावाने खाटा, न्हाणीघर, स्वयंपाकाची जागा केली आहे. २०२५ मध्ये नव्या बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली. यातलं आपल्या बायपासला काय पोचलं? काहीही नाही. मामांची गाडी जुनी, त्यामुळे एसीही नाही.

माझ्या बातमीनंतर गाड्या कुठे गेल्या, तेही सांगतो. गेल्या नाहीत. दोन किलोमीटर पुढे पुलाच्या अलीकडे अंधारात उभ्या राहतात. तिथे ना दिवा, ना रुंद कडेपट्टी. दोन वर्षांपूर्वी अशाच उभ्या ट्रकला मागून मोटारसायकल धडकली आणि आपल्याच गावातलं पोरगं गेलं. त्याच्या घरी मी बातमीसाठी बसलो होतो. आता त्याच प्रकारची जागा माझ्या बातमीने तयार झाली, हा विचार दोन रात्री झोपू देत नाहीये.

बायपासच्या कडेच्या शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे. बांधावर घाण होते. पहाटे फिरायला जाणाऱ्या बायाबापड्यांना संकोच होतो, तेही खरं. मी त्यांना चूक म्हणत नाही. पण हुसकून लावल्याने तक्रार मिटत नाही, फक्त दुसऱ्याच्या बांधावर जाते.

माझं म्हणणं साधं आहे. जुन्या जकात नाक्याची नगरपरिषदेची जागा बायपासला लागूनच पडून आहे. तिथे मुरूम टाका. चार संडास, दोन न्हाणीघरं, पाण्याची टाकी, धुण्याचे दगड, दोन मोठे दिवे, एक कॅमेरा आणि रात्रीचा एक राखणदार. एवढंच. गाडीमागे रात्रीचे पन्नास रुपये घ्या. मी मामांना विचारलं, द्याल का? म्हणाले, "गाडीला राखण मिळत असेल तर शंभर देईन. निवांत झोप तरी लागंल." बचत गटाला चहा-पोळीभाजीची टपरी द्या, चार घरांना रोजगार. बायपासवरच्या पंपांनाही विचारा. पाणी आणि स्वच्छतागृह मोफत देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, मग रात्री कुलूप का असतं?

हे होत नाही, कारण ट्रकचालक आपल्या वॉर्डाचा मतदार नाही. मतदानाच्या दिवशी तर तो स्वतःच्या वॉर्डातही नसतो. त्याच्यासाठी कुठला नगरसेवक भांडणार? म्हणून आपणच बोलायला हवं. आपल्या दुकानातली साखर, घराचं सिमेंट, गोठ्यातली पेंड कुणीतरी रात्र जागून आणलेली असते.

येत्या सोमवारी मुख्याधिकाऱ्यांना निवेदन देणार आहे. बांधावरचे शेतकरी, मार्केटमधले व्यापारी, पहाटे फिरणारे, ज्यांना पटतंय त्यांनी सकाळी अकराला नगरपरिषदेत यावं. आणि तोवर निदान त्या नळाची तोटी परत बसवा. ती माझ्या बातमीने गेली, म्हणून पहिली मागणी माझीच.