पक्षाघात आणि आवर्ती खर्च

सरकारी खर्चाचे दोन भाग असतात, अनावर्ती आणि आवर्ती. यंत्र विकत घेणे हा अनावर्ती खर्च, एकदा केला की संपला. माणसाचा पगार हा आवर्ती, म्हणजे दरवर्षी डोक्यावर बसणारा. त्यामुळे यंत्राची फाइल लवकर मंजूर होते आणि पदनिर्मितीची फाइल शेऱ्यांनी जाड होत जाते. असे शेरे मीही लिहिले आहेत. एका प्रस्तावात सी.टी. स्कॅन यंत्रासोबत फिजिओथेरपिस्ट व वाचा-उपचारतज्ज्ञ यांची पदे मागितली होती. यंत्र मंजूर करावे, पदे वगळावीत, असे टिपण मी लिहिले. त्या वेळी मला ती काटकसर वाटली. ती चूक होती, हे सांगण्यासाठी हा लेख.

पुढे उत्तर भारतात नेमणूक असताना आमच्या कार्यालयातील अधीक्षकांना टेबलाशीच पक्षाघात झाला. तोंड वाकडे झाले, उजवा हात लुळा पडला. सहकाऱ्यांनी तासाभरात रुग्णालय गाठले. स्कॅन झाला, गुठळी विरघळवणारे इंजेक्शनही मिळाले. हे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि बहुसंख्य रुग्ण तोवर पोहोचतच नाहीत, हे पाहता ते भाग्यवानच. मात्र त्याच रात्री नातलगांनी प्रेमाने त्यांना चहा पाजला. रुग्णाला गिळता येते की नाही, हे वॉर्डात कोणी तपासले नव्हते. चहा श्वासनलिकेत गेला, न्यूमोनिया झाला. तीन आठवड्यांनी ‘घरी व्यायाम करून घ्या’ एवढ्या सल्ल्यावर त्यांना घरी सोडले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यामुळे त्यांची नोकरी वाचली. वाचा मात्र परत आली नाही.

यात परिचारिकेचा दोष मी मानत नाही. तिला ते शिकवलेलेच नव्हते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात 19 पक्षाघात कक्षांत एक प्रयोग झाला. ताप, रक्तातील साखर आणि गिळण्याची क्षमता या तीनच गोष्टींवर परिचारिकांनी ठरावीक पद्धतीने लक्ष ठेवायचे. 2011 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 90 दिवसांनंतर मृत्यू वा परावलंबित्व यांचे प्रमाण शंभरामागे सुमारे 16 ने कमी आढळले. यासाठी नवे यंत्र लागले नाही, शिकवलेला माणूस लागला.

‘आपल्याकडे कुटुंब आहे, ते करून घेईल’, असा युक्तिवाद बैठकींत हमखास ऐकू येतो. तोही तपासला गेला आहे. भारतातील 14 रुग्णालयांत 1250 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात नातलगांना पुनर्वसनाचे प्रशिक्षण देण्यात आले. 2017 मध्ये निष्कर्ष आले. सहा महिन्यांनंतर मृत्यू वा परावलंबित्व यांत फरक पडला नव्हता. कुटुंबाची माया निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. पण प्रशिक्षित मनुष्यबळ न नेमण्याची सबब म्हणून ती यापुढे पुढे करता येणार नाही.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून आणखी एक सांगतो. पद न भरल्याने खर्च वाचत नाही, तो फक्त घरावर ढकलला जातो. पत्नी किंवा सून नोकरी सोडते, मुलाचे शिक्षण थांबते. हा आवर्ती खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, एवढेच.

केंद्राने 2010 मध्ये सुरू केलेल्या असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमाच्या नावातच पक्षाघात होता. 2023 मध्ये नाव व्यापक झाले आणि तो शब्द गेला. नावाबद्दल माझी तक्रार नाही. पण आयुष्मान भारत योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल असतानाचा खर्च देते आणि घरी गेल्यावर 15 दिवसांपर्यंतचा. हात पुन्हा हलू लागायला, शब्द पुन्हा जुळायला महिने लागतात. त्या महिन्यांचे काय?

पैसा आणि तज्ज्ञ दोन्ही नाहीत, हे उत्तर मला मान्य नाही. 2014 मध्ये हिमाचल प्रदेशासारख्या डोंगराळ राज्याने दूरस्थ न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्याने जिल्हा रुग्णालयांत हे इंजेक्शन मोफत देण्यास सुरुवात केली. इंजेक्शनसाठी जी कल्पकता दाखवली, ती पुनर्वसनासाठी का नको?

माझ्या मागण्या साध्या आहेत. गिळण्याची तपासणी होईपर्यंत रुग्णाला तोंडाने काहीही देऊ नये, हा लेखी नियम असावा आणि प्रत्येक परिचारिकेला तो शिकवावा. स्कॅन यंत्र व थेरपिस्टची पदे एकाच आदेशाने मंजूर व्हावीत. आणि रुग्णालयाने किती इंजेक्शने दिली याबरोबरच तीन महिन्यांनी किती रुग्ण स्वतः चालत होते, हेही अहवालात विचारावे.

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील गावी एकटे असतात. पुढच्या वेळी गावी जाल, तेव्हा जवळच्या रुग्णालयात एक प्रश्न जरूर विचारा : येथे गिळण्याची तपासणी कोण करते? उत्तर मिळाले नाही, तर त्यामागे माझ्यासारख्या कोणाचे तरी टिपण असण्याची शक्यता आहे.