बग-नोंद : बखर नव्हे, अस्सल कागद

२००६ साली डेबियन या मुक्त संगणकप्रणालीत एक बग नोंदवला गेला : एन्क्रिप्शनच्या किल्ल्या घडवणाऱ्या ओपनएसएसएलची तपासणी करताना व्हॅलग्राइंड हे साधन सतत इशारे देते. ते थांबावेत म्हणून कोडच्या दोन ओळी गाळल्या गेल्या. यादृच्छिकतेचा प्राण नेमका त्यांतच होता! किल्ली ठरवायला उरला केवळ प्रोसेस-क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या व लांबीच्या किल्लीला जेमतेम ३२,७६८ शक्यता. हे उघडकीस आले मे २००८ मध्ये.

बग नोंदवणाऱ्यावर खापर फोडणे अन्यायाचे. त्याने दिसले ते लिहिले. दोष न लपवण्याचे वचन डेबियनने १९९७ च्या सामाजिक करारातच दिले होते, म्हणून ती मूळ नोंद आजही वाचता येते. बंद प्रणालींच्या अभ्यासकाला मात्र कंपनीच्या निवेदनावर, म्हणजे बखरीवरच, भागवावे लागते.