'जर' लपवू नका

जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' कथेत इतिहासाचे एक प्राध्यापक मराठे जिंकलेल्या जगात पोहोचतात. गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून जाते. हा 'जर' नारळीकरांनी उघड मांडला. आम्ही कोड लिहितो तसाच, सगळ्यांना दिसेल असा.

'छावा' चित्रपटही कादंबरीवरच बेतलेला. पण तो इतिहास म्हणून पाहिला गेला. मार्च 2025 मध्ये नागपूरच्या महालात दंगल झाली, तेव्हा या चित्रपटाने लोकभावना पेटल्याचे मुख्यमंत्रीच विधिमंडळात म्हणाले. संचारबंदी मात्र आमच्या शहराने भोगली.

खऱ्या पानिपतावर, 14 जानेवारी 1761 रोजी, मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याकडे होता. तो मराठ्यांसाठी लढला, पकडला जाऊन मारला गेला. आमच्याकडे निष्ठेचे दाखले मागणाऱ्यांनो, हा दाखला कुठे ठेवलात?