आठवीनंतर मुलगी कुठे जाते?

जून जवळ आला की ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत शाळांची तुलना सुरू होते. दहावीचा निकाल किती टक्के, माध्यम कोणतं, फी किती. या मोजपट्टीवर पालिकेची शाळा आधीच नापास. माझं भांडण या मोजपट्टीशीच आहे. ती मुलीचा विचार करून कधी बनवलीच नाही.

मैत्रिणींनो, साधी गोष्ट पाहा. पालिकेच्या बहुतेक शाळा प्राथमिक आहेत. जिथे दहावीचा वर्गच नाही, तिथे दहावीचा निकाल कुठून येणार? आठवीनंतर घरी बसलेली मुलगी कुठल्याच टक्केवारीत येत नाही. ती नापाससुद्धा होत नाही; ती फक्त दिसेनाशी होते.

हे आपोआप घडलेलं नाही. महापालिका अधिनियमाने प्राथमिक शाळा चालवणं पालिकेवर बंधनकारक केलं. माध्यमिक शाळा तिच्या मर्जीवर सोडल्या. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही आठवीला थांबतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अठरा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची भाषा केली, पण कायद्यातली आठवी तिथेच राहिली.

मग खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागा? फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या जागांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला, हे बरं झालं. पण 'जवळ सरकारी शाळा आहे ना, तिथे जा' म्हणणारं सरकार ती शाळा दहावीपर्यंत वाढवा, असं का म्हणत नाही? आणि राखीव जागेवरचं फुकट शिक्षणही आठवीलाच संपतं. पुढची फी कोणासाठी भरायची हा प्रश्न घरात आला, की उत्तर बहुतेक वेळा मुलगाच असतं.

'या लोकांना मुली शिकवायच्याच नसतात,' असं सोयीस्करपणे म्हटलं जातं. चार घरची धुणीभांडी करणारी आई रिक्षाचं भाडं, रस्त्यावरची छेडछाड, धाकट्या भावंडांना सांभाळायला कोण, हा सगळा हिशेब करते. दूरच्या शाळेने तिच्यावर लादलेला तो हिशेब आहे. त्याला मागासपणा म्हणणाऱ्यांनी आधी नववीचा वर्ग वस्तीजवळ आणून दाखवावा.

तुलना जरूर करू, पण आपल्या प्रश्नांनी. या शाळेच्या आठवीतून किती मुली बाहेर पडल्या, त्यातल्या किती नववीत गेल्या? नववीची शाळा किती लांब? मुलींच्या संडासात पाणी आहे का, दाराला कडी आहे का? कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका हव्यात. त्या बायका बोलतात, की त्यांना नुसतं सहीपुरतं बोलावतात?

शाळेने उत्तर दिलं नाही, तर माहितीच्या अधिकारात पालिकेला विचारा. प्रत्येक गटाने आपापल्या वस्तीतली एक शाळा घ्यावी. आलेले आकडे घेऊन आपण ठाणे आणि कल्याण-डोंबिवली, दोन्ही महापालिकांच्या दारात जाऊ. मागणी एकच: दहावीपर्यंतची शाळा, मुलीला पायी जाता येईल एवढ्या अंतरावर.